उतरलं का रे विमान?

गेले सहा महिने आमच्या घरी रात्रीच्या जेवणाची वेळ घड्याळ ठरवत नाही, ओझरचा विमानतळ ठरवतो. मी शहापुरातल्या घराच्या मागच्या खोलीत बसून नाशिकजवळच्या ओझरला विमान उतरवत असतो. स्वयंपाकघरातून आईची हाक येते, "उतरलं का रे विमान?" मी ओरडतो, "नाही, अजून फेरीच चाललीय!" मग भांड्यावर झाकण पडल्याचा आवाज. मग, "भात गार होतोय हो."

यातला 'हो' माझ्यासाठी नसतो. तो सुनेला साक्षीला बोलावण्यासाठी असतो.

खुलासा आधीच केलेला बरा. मी वैमानिक नाही. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला उत्तर, हे हजारो पोरांच्या डोक्यात घातलं आणि निवृत्त झालो. निवृत्तीनंतर माणसं चारधाम करतात, पतसंस्थेच्या निवडणुकीला उभी राहतात. माझ्या वाट्याला मुलाचा कॉम्प्युटर आला. तो नोकरीला पुण्याला गेला तेव्हा लॅपटॉप घेऊन गेला आणि हे धूड मागे ठेवून गेला. त्यात विमानाचा सिम्युलेटर होता. मी एक जॉयस्टिक मागवली. ती टेबलावर घसरते म्हणून पोळपाटावर बसवली. तेव्हापासून आमच्याकडे पोळ्या ओट्यावर लाटतात आणि विमान पोळपाटावर चालतं.

पहिल्या आठवड्यात सगळे करतात तेच मी केलं. स्वतःच्या घरावरून विमान नेलं. हे सिम्युलेटर उपग्रहाचे फोटो बघतात आणि खाली काय असेल याचा अंदाज बांधून घरं उभी करतात. अंदाज कधी कधी सुटतो. २०२० साली मायक्रोसॉफ्टचा नवा सिम्युलेटर आला तेव्हा मेलबर्नच्या एका उपनगरात भर वस्तीत २१२ मजल्यांचा सुळका उभा राहिला होता. नकाशात मजले भरताना कुणीतरी दोनऐवजी २१२ टाइप केलं होतं, आणि यंत्राने मुकाट्याने बांधून दिलं. त्या मानाने आमच्यावरचा अन्याय किरकोळ. आमच्या गोठ्याला फक्त गच्ची आणि काचेच्या खिडक्या मिळाल्या. "गाय एसीत बसवलीस का रे?" एवढंच आई म्हणाली.

माहुली गडाचं मात्र वाईट वाटलं. आसनगावच्या स्टेशनात उतरलं की नवरा, नवरी आणि भटोबा हे तिघे सुळके कसे ताठ उभे दिसतात. स्क्रीनवर तिघांचं मिळून पिठलं झालं होतं. तानसा आणि भातसाचं पाणी मात्र झकास, निळंशार, काठोकाठ. आई चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिली. "एवढं पाणी आहे आपल्या तालुक्यात?"

"आहे की."

"मग मे महिन्यात टँकर कशाला येतो?"

"ते मुंबईला जातं, आई."

"आणि टँकर कुठून येतो?"

तीस वर्षं भूगोल शिकवूनही या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी घाईघाईने विमान ढगात घातलं.

इथपर्यंत सगळं सुखाचं होतं. बिघडवलं ते मुरबाडच्या मेहुण्याने. त्याचं सिमेंट-पत्र्याचं दुकान आहे. मुरबाडला रेल्वे येणार, येणार हे ऐकतच तो लहानाचा मोठा झाला, त्यामुळे वाहतुकीच्या बाबतीत त्याचा विश्वास उरलाय तो फक्त आकाशावर. स्वतः तो विमान चालवत नाही. पण ते कसं चालवावं याचे सगळे व्हिडिओ त्याने पाहिलेत. एकदा तो आला, मी धावपट्टीच्या सरळ रेषेत येऊन विमान सुरेख टेकवलं आणि कौतुकाच्या अपेक्षेने मागे बघितलं.

"सरळ काय कुणीही उतरवतं दाजी," तो म्हणाला. "सर्कल टू लँड करून दाखवा."

आता हे काय प्रकरण आहे ते सांगतो. विमानाला उतरताना वारा समोरून हवा असतो. आणि ढग खाली आले असले की विमान डोळ्यांनी नाही, यंत्रांच्या काट्यांवर विसंबून खाली आणावं लागतं. समजा यंत्रांनी धरून आणलेली वाट धावपट्टीच्या एका टोकाला पोचवतेय, पण वारा नेमका त्याच बाजूने पाठीत घुसतोय. मग करायचं काय? त्याच वाटेने ढगाखाली यायचं, धावपट्टी दिसली की यंत्रांना नमस्कार करायचा, आणि तिथून पुढे निव्वळ डोळ्यांनी, कमी उंचीवरून, धावपट्टीला वळसा घालून पलीकडच्या टोकाने उतरायचं. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला खरे वैमानिक आल्प्सच्या दरीत हे करतात. तिथे पूर्वेकडून यंत्रांवर यायचं, मग डोंगरांच्या कुशीतून वळून पश्चिमेच्या टोकाला लागायचं.

हे मी घरात समजावून सांगितलं. सौ. भाजी निवडत होती. "म्हणजे पुढच्या दाराशी यायचं आणि मागच्या दाराने आत शिरायचं?"

"अगदी तसंच."

"मग त्यात शिकायचंय काय? पत्ते खेळून रात्री बाराला येता तेव्हा तेच तर करता."

मी ओझर निवडलं, कारण नाशिक म्हणजे आमचं माहेर असल्यासारखं. कसाऱ्याचा घाट चढला की आलंच. तिथल्या धावपट्टीच्या टोकांना २७ आणि ०९ म्हणतात. २७ म्हणजे पश्चिमेकडे तोंड, ०९ म्हणजे पूर्वेकडे. मी ठरवलेला धडा असा: २७ च्या वाटेने ढगातून यायचं, धावपट्टी दिसली की उजवीकडे पंचेचाळीस अंश वळायचं, तीस सेकंद जायचं, मग धावपट्टीला समांतर व्हायचं, ती सतत डाव्या खिडकीत ठेवायची, आणि तिचं टोक बरोबर शेजारी आलं की सेकंद मोजायला लागायचं. दर शंभर फूट उंचीला तीन सेकंद. मी सहाशे फुटांवर, म्हणजे अठरा. त्यातून पाठीमागच्या वाऱ्याचे वजा करायचे, दर नॉटला एक. वारा दहाचा. अठरातून दहा गेले, उरले आठ. आठ सेकंदांनी डावीकडे वळायला लागायचं.

आठ सेकंद म्हणजे किती ते मला आईने शिकवलं. "लिंबाचं लोणचं काढू का आंब्याचं" हे वाक्य पूर्ण व्हायला बरोबर आठ सेकंद लागतात. मी "आंब्याचं" म्हणेपर्यंत विमान पार द्राक्षबागांवर गेलेलं असतं.

आणि तिकडे जायचंच नसतं. आमच्या सेसनासारख्या धिम्या विमानाला धावपट्टीच्या टोकांपासून जेमतेम तीन किलोमीटरच्या आतच घुटमळायची मुभा असते. तेवढ्या टापूतले डोंगर, टॉवर, टाक्या मोजून ठेवलेल्या असतात. त्यापलीकडे आपलं नशीब. तीन किलोमीटर म्हणजे साधारण शहापूर ते आसनगाव स्टेशन. त्या अंतरात आमचा रिक्षावाला सात सीट भरतो, दोघांना मधेच उतरवतो, सुट्ट्या पैशांवरून एक भांडण करतो आणि तरी ५.४२ ची लोकल गाठून देतो. मला तेवढ्यात एक यू-टर्न जमेना.

खरी गोम वेगळीच होती. धावपट्टी सतत डावीकडे दिसली पाहिजे हा सगळ्या विद्येचा पाया. पण माझ्याकडे स्क्रीन एक, तीही समोर. डावीकडे बघायचं तर जॉयस्टिकच्या डोक्यावरचं छोटं बटण अंगठ्याने डावीकडे ढकलायचं. अंगठा डावीकडे गेला की मनगटही डावीकडे जातं, आणि मनगट गेलं की विमान जातं. म्हणजे मी धावपट्टीकडे नुसतं बघितलं तरी विमान तिच्या अंगावर धावून जायचं. बटण सोडून समोर बघितलं की जमीन वर आलेली. वर खेचलं की ढगात. ढगात धावपट्टी नाही.

त्यात सेसनाचा पंख वरच्या बाजूला असतो. एरवी बरं असतं, खालचं सगळं छान दिसतं. पण डावीकडे वळताना डावा पंख खाली येतो आणि बरोबर धावपट्टीवर आडवा पडतो. ज्या क्षणी ती दिसायलाच हवी, त्या क्षणी. लग्नात फोटोग्राफर "स्माईल" म्हणतो आणि नेमके तेव्हाच एक काका पानाचा डबा शोधत मधून जातात, तसं.

मेहुण्याने तोडगा काढला. कॉम्प्युटरच्या वर कॅमेरा लावायचा; तो आपलं तोंड ओळखतो, आपण मान वळवली की विमानातली नजरही वळते. दोन दिवस स्वर्ग. तिसऱ्या दिवशी ऐन वळणावर आई चहा घेऊन आली. कॅमेऱ्याला तिचं तोंड माझ्यापेक्षा आवडलं असावं. आई चहा ठेवून वळली आणि स्वयंपाकघराकडे गेली. विमानातली नजर तिच्या मागोमाग गेली. मी मान इकडे वळवतोय, तिकडे वळवतोय, स्क्रीनवर उजवा दरवाजा आणि त्याचं हँडल. ते हँडल मी शेवटपर्यंत पाहिलं. "आपटलं वाटतं," आई आतून म्हणाली. आवाजावरून तिला कळायला लागलं होतं.

मग मेहुणा रीतसर कंट्रोल टॉवर झाला. रोज रात्री साडेआठला मुरबाडहून फोन. मी फोन स्पीकरवर टाकून उशीला टेकवायचो. त्याच्याकडे तक्ता, माझ्याकडे विमान.

"दाजी, उंची?"

"सहाशे."

"खरं सांगा."

"पाचशेवीस."

"सहाशेच्या खाली यायचं नाही म्हणजे नाही! ही शेवटची उंची आहे."

मला हे पटायचं, पण अंगवळणी पडायचं नाही. म्हशाच्या जत्रेत बैलाचा सौदा बघितलाय ना? रुमालाखाली हातात हात, बोटं दाबून भाव. "याच्या खाली नाही" असं दोघंही शपथेवर सांगतात आणि मग एकेक बोट दुमडत खाली येतात. माझ्या हाताला तीच सवय. पन्नास फूट सोडले तर काय बिघडतं, अजून तीस.. मेहुणा एकदा गंभीर झाला. मुरबाडहून माळशेज चढून पलीकडे गेलं की जुन्नरचे डोंगर. १९६२ च्या जुलैत मुंबईला उतरायला निघालेलं अलितालियाचं डीसी-८ तिथे वेळेआधी खाली आलं. ९४ माणसं. त्या रात्री मी सातशेवरच राहिलो आणि भात गरम असताना जेवायला बसलो.

बरं, धावपट्टी नजरेतून सुटली तर काय करायचं याचाही नियम आहे: फुल जोर, वर चढायचं आणि चढताचढता धावपट्टीच्याच बाजूला वळायचं. बाहेर भटकायचं नाही. नियम चांगला, पण सेसनाचा जोर बेताचा. कसाऱ्याला घाट चढण्याआधी गाडीला मागून जादा इंजिनं लावतात, सदतिसाला एक असा तो चढ आहे. मी काटे बघायचो आणि मनात म्हणायचो, आपल्यालाही ओझरला कुणीतरी मागून दोन इंजिनं लावायला हवीत. एकदा असा रखडत वर चढत असताना लाईट गेली. इन्व्हर्टर स्वयंपाकघराला जोडलेला, मागच्या खोलीला नाही. अंधारात उशीवरून फक्त मेहुण्याचा आवाज: "दाजी, वर रहा. वर रहा. दाजी?"

वटपौर्णिमेला सौ. वडाला दोरा गुंडाळून आली. मी नेमका त्याच दिवशी दुपारी सलग चौथ्यांदा आपटलो होतो. "सात फेऱ्या मारून आले," ती म्हणाली. "अंतर सारखं, दोरा न तुटता. शेजारणीशी बोलत. तुम्हाला एक जमेना?"

मी म्हटलं, "वड ढगात नसतो."

"पोर कडेवर होतं तेव्हाही मारल्यात," ती म्हणाली आणि गेली.

श्रावणात प्रगती झाली. वळण जमलं, सेकंद जमले, पंख उचलून धावपट्टी पुन्हा पकडणं जमलं. समोर लांब, सरळ, काळीभोर पट्टी आली. मी अलगद टेकलो. इतकं मऊ मी आयुष्यात टेकलो नव्हतो. खोलीत उभा राहिलो. तेवढ्यात समोरून ट्रक आला.

"दाजी, हा मुंबई-आग्रा हायवे आहे," उशी म्हणाली.

ओझरजवळून तो जातो हे मला ठाऊक होतं. मी तो फळ्यावर काढलेला आहे, रंगीत खडूने.

मेहुण्याने ही गोष्ट चार तालुक्यांत पोचवली. माझं सांत्वन करायला त्याने दाखला मात्र जंगी शोधला. मुंबईत जुहू आणि सांताक्रूझ हे दोन विमानतळ जवळजवळ, मुख्य धावपट्ट्याही जवळपास एकाच दिशेच्या. १९५३ साली ब्रिटिशांचं नवंकोरं कॉमेट जेट सांताक्रूझऐवजी जुहूच्या छोट्या पट्टीवर उतरलं. आणि शहाणपण येऊ नये म्हणून की काय, १९७२ च्या सप्टेंबरात जपान एअरलाइन्सचं डीसी-८ तीच चूक करून पट्टीच्या पुढे गेलं. सुदैवाने माणसं वाचली.

"एवढा मोठा कॅप्टन," मी म्हटलं, "त्याला समोरचा विमानतळ कोणता हे कळू नये? जेआरडी टाटा १९३२ साली कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, पण ठरवून उतरले."

"तुम्ही कसाऱ्याच्या वर गेलात की तुम्हाला कळत नाही," मेहुणा म्हणाला. तेव्हापासून मी कुठेही चुकलो, साखरेच्या डब्यात चमचा घालायचा तो मिठाच्या घातला तरी घरात एकच शब्द: "जुहू."

पुढे मुरबाडला मेहुण्याच्या पुतण्याचं लग्न निघालं. आई आणि सौ. हळदीलाच गेल्या. मी लग्नाच्या दिवशी स्कूटरवरून निघालो, किन्हवलीमार्गे. मेहुण्याने लोकेशन पाठवलं होतं. ते मी उघडलं नाही. भूगोलाच्या मास्तरने मुरबाड तालुक्यात मोबाईलला रस्ता विचारायचा म्हणजे हद्द झाली. सरळगावात आलो. नाव सरळगाव, पण तिथे गाडी सरळ जात नाही, उजवीकडे वळते तेव्हा मुरबाडच्या रस्त्याला लागते.

गावाजवळ आलो तसा फोन वाजला. कानाखाली हेल्मेटमध्ये खोचला.

"दाजी, डावीकडे मांडव दिसतोय का?"

"दिसतोय. लाल-पांढरी कनात."

"पुढून एन्ट्री बंद आहे. गटाराचं खोदलंय. वळसा मारून मागच्या बाजूने या."

खरं सांगतो, अंगावर काटा आला. सहा महिने ज्यासाठी भात गार केला, ते आज डांबरावर समोर उभं होतं. मांडव डावीकडेच ठेवायचा होता, वारा पाठीला होता, स्कूटरला पंख नव्हता. मी खडीच्या रस्त्याला लागलो, तीस मोजले, समांतर झालो. मांडव डाव्या खांद्याशी. कोपरा शेजारी आला, मोजायला लागलो, एक, दोन, तीन. चारला भाताची गिरणी मधे आली आणि मांडव दिसेनासा झाला.

नियम स्पष्ट होता. नजरेतून सुटलं की वर जायचं. पण स्कूटर वर जात नाही. आणि आठ तर आठ. बरोबर आठाला मी डावीकडे वळलो. गिरणी संपली आणि समोर लाल-पांढरी कनात, कमान, सनई. स्कूटर मी चिंचेखाली अशी लावली की स्टँडचा आवाजही आला नाही.

दारात मुलींनी गुलाबपाणी शिंपडलं. एक गृहस्थ पुढे आले, "या या सर, बसून घ्या, अक्षता पडल्यात, पंगत चालू आहे." सर म्हटलं की मी फार चौकशा करत नाही. आहेराच्या टेबलावर पाकीट दिलं. पोराने वहीत नाव लिहून घेतलं, रक्कम लिहिली, खाली रेघ मारली. पंगतीत बसलो. वरणभात गरम होता. सहा महिन्यांत दुसऱ्यांदाच. मठ्ठा फर्मास. आई कुठे दिसेना, सौ. दिसेना, बायका आत असतील म्हटलं. दुसरी जिलेबी हातात घेतली आणि फोन वाजला.

"दाजी, आहात कुठे? मंगलाष्टकं सुरू होतायत, अंतरपाट धरायचाय!"

मी मान वर केली. कमानीवर झेंडूच्या फुलांत दोन नावं लिहिली होती. दोन्ही मी आयुष्यात प्रथमच वाचत होतो. गिरणीच्या पलीकडून, त्याच मांडववाल्याच्या दुसऱ्या लाल-पांढऱ्या कनातीतून, भटजी माईकवर खाकरत असल्याचं ऐकू येत होतं.

"दाजी? उतरलात का?"

"उतरलो रे."

"कुठे?"

वाढपी जिलेबीचं ताट घेऊन पुन्हा माझ्याकडेच येत होता.

"जुहूला," मी म्हटलं.